गुरुजींनी नको म्हटलेलं बटण

गडचिरोलीच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत माझं दुकान होतं. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'संगणक केंद्र' रंगवून घेतलं होतं, पण ती पाटी वाचून कोणी आत आल्याचं मला आठवत नाही. लोक पानठेल्यावर विचारायचे, "ते बटणवाले भाऊ कुठी बसतात?" आणि पानठेलेवाला सुपारी कातरता कातरता मानेनंच दाखवून द्यायचा.

बटणं म्हणजे शर्टाची नव्हेत. नव्वदीच्या मध्यावर कचेऱ्यांत, शाळांत कॉम्प्युटर येऊ लागले. त्यावर प्लॅस्टिकचं आवरण असायचं, आवरणावर हळदीकुंकू असायचं, आणि ते काढायची हिंमत एखाद्याच बाबूमध्ये असायची. तो बाबू मग रोज तेच तेच काम बोटं मोडेस्तोवर करत बसे. माझा धंदा असा, की ते काम पायरीपायरीनं कॉम्प्युटरला एकदा शिकवून ठेवायचं आणि पडद्याच्या कोपऱ्यात त्या सगळ्याचं मिळून एक बटण लावून द्यायचं. पुढे माणसानं ते दाबायचं आणि चहाला जायचं. शहरातले लोक याला मॅक्रो म्हणत, स्क्रिप्ट म्हणत. आमच्याकडे बटणच. मी चंद्रपूरच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. शिकलो टायपिंग आणि हे असलं उचापतीचं काम हाताला लागलं. कोणी शिकवलं नाही, त्यामुळे कोणी चुकाही काढल्या नाहीत.

बटणाचं कौतुक सगळ्यांनाच असतं असं मी समजून चालायचो. ते तसं नसतं हे मला जंगलखात्याच्या एका कचेरीतल्या बाबूंनी शिकवलं. जंगलात आज काही घडलं नाही, हे त्यांना रोज वर कळवावं लागे. सरकारात न घडलेल्याचाही अहवाल असतो, त्याला निरंक म्हणतात. बाबू रोज सकाळभर एकेका ठिकाणापुढे निरंक, निरंक असं बडवत बसायचे. मी त्यांना बटण करून दिलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं जंगल निरंक. बाबूंनी मला समोसा खाऊ घातला. थोड्याच दिवसांत ते तोंड पाडून परत आले.

"भाऊ, याले जरा हळू करता येते का?"

मी विचारलं, काऊन? तर म्हणाले, साहेब मागून येतात, पाहतात की यांचं काम तर झालंच, आणि दुसऱ्याच्या टेबलावरची फाइल उचलून यांच्यापुढे टाकतात. मग मी बटणाला आळस शिकवला. दाबलं की एकेक अक्षर सावकाश उमटायचं, मध्येच थबकायचं, एखादं अक्षर चुकायचं आणि खोडून पुन्हा यायचं. बाबू नुसते कळांवर बोटं ठेवून गंभीर चेहऱ्यानं बसायचे. मी केलेल्या बटणांत सगळ्यात अवघड ते होतं, आणि आजही मला त्याचा अभिमान वाटतो. माणसापेक्षा वेगानं काम करणं सोपं असतं, माणसासारखं रेंगाळणं कठीण.

दुसरी गंमत छापखान्याची. लग्नसराईत पत्रिकांचा ढीग पडे. मजकूर सगळ्यांचा सारखाच, फक्त नावं आणि तारीख वेगळी. मी असं बटण केलं की ते आधी नावं विचारी आणि मग पूर्ण पत्रिकेत जिथं जिथं लागतील तिथं आपण होऊन बसवी. छापखानेवाला खूश. मग एका गडबडीच्या दिवशी त्यानंच म्हटलं म्हणून मी 'चि.' च्या जागी 'चि. सौ. कां.' घालायची एक सोय त्यात टाकली, आणि तिनं कोण मुलगी, कोण मुलगा हे न पाहता सगळ्यांनाच चि. सौ. कां. करून टाकलं. एका नवरदेवाचा मामा पत्रिका घेऊन आला. तो ओरडला नाही, भांडला नाही. टेबलावर पत्रिका ठेवून एवढंच म्हणाला, "मंग आता आमच्या पोराले साडी नेसवून उभा करू का?" त्या पत्रिका पुन्हा छापल्या, आणि मला त्या लग्नाचं जेवणही मिळालं.

हे सगळं सांगायचं कारण, त्या पत्रिकेच्या बटणाचा मला फार गर्व होता. नाव एकदा द्या, पाहिजे तिथं आपोआप बसेल. दुकानात येईल त्याला मी ते करून दाखवायचो. हलामी गुरुजींनाही दाखवलं.

गुरुजी धानोऱ्याकडच्या एका गावचे. शाळेतून निवृत्त झाले होते. बाजाराच्या दिवशी एसटीनं यायचे, खांद्याला पिशवी, पायात टायरच्या चपला. त्यांना त्यांच्या गावची गाणी कॉम्प्युटरवर घालायची होती. गोंडीत गाण्याला पाटा म्हणतात. धानाच्या रोवणीचे पाटा, लग्नाचे पाटा, पोर निजवायचे पाटा, असं सगळं त्यांनी म्हाताऱ्या बायांकडून ऐकून मराठी अक्षरांत लिहून काढलं होतं. कागद घराच्या आढ्याला बांधून ठेवले होते आणि त्यांना वाळवी लागू लागली होती. मी म्हटलं, द्या, मी टाइप करून देतो. गुरुजी हसून म्हणाले, "तुम्ही टाइप कराल तर नकळत त्याले मराठी करून टाकाल. मलेच शिकवा."

त्यांना शिकवणं हा एक वेगळाच उद्योग झाला. कळांवर मराठी अक्षरं ज्या क्रमानं बसवलेली असत तो क्रम त्यांच्या डोक्यात काही केल्या बसेना. दोनच बोटांनी टाइप करायचे, आणि ती बोटं भलतीकडेच पडायची. शेवटी मी हट्ट सोडला आणि फॉन्टच बदलला. एका प्रोग्रॅमनं अक्षरं उचलायची आणि गुरुजींचं बोट आपसूक जिथं जाईल तिथं ठेवायची. क इकडचा तिकडे गेला, म तिकडून इकडे आला. त्यांच्या बोलीतल्या दोन-चार आवाजांना मराठी अक्षर नीट पुरत नव्हतं, त्यांच्यासाठी त्यांनी कागदावर खुणा काढून दिल्या, मी त्या फॉन्टमध्ये भरल्या. कळांवर चिकटपट्ट्या लावल्या. आख्ख्या दुनियेत असा फॉन्ट एकच होता आणि तो माझ्या दुकानातल्या एका मशीनवर होता, दोन बोटांच्या एका माणसासाठी. त्या मशीनवर दुसरा कोणी बसला की तो घाबरून उठायचा.

गुरुजी वर्षानुवर्षं येत राहिले. लाइट गेली की बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. हळूहळू त्यांची फाइल मोठी झाली. एकदा त्यांनी विचारलं, "हे राहील ना, भाऊ?"

मी म्हटलं, "गुरुजी, कागदाले वाळवी लागते. याले काय लागणार?"

ते वाक्य मी कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल. त्या काळी आमच्या धंद्यातला प्रत्येक जण ते म्हणत होता आणि प्रत्येकाला ते खरंच वाटत होतं. गुरुजींनी मान डोलावली. मला वाटतं, त्यानंतर त्यांनी आढ्याच्या कागदांकडे पाहणं सोडलं.

एक पाटा मात्र ते दुकानात वेगळ्याच तऱ्हेनं टाइप करत. बाकीचे गुणगुणत करायचे, हा ओठ मिटून. मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं की हा मयताचा आहे. त्यांच्या गावात माणूस गेला की पुढे काही महिन्यांनी त्याच्या नावाचा दगड उभा करतात, त्या दिवशी हा म्हणतात. गेलेल्याला वाट सांगायची असते. आता तळ्याची पाळ आली, इथून वळ. आता मोहाचं झाड आलं, इथं बसू नको. आता शीव आली, मागं पाहू नको. प्रत्येक वळणावर त्याला नावानं हाक मारायची. एरवी हा म्हणायचा नाही, घरात गुणगुणायचाही नाही, कारण मग ती हाक कोणाला, असा प्रश्न होतो. त्यामुळे कोणाला शिकवताही येत नाही. म्हणणारी एकच म्हातारी उरली होती, आणि तिनं तो गुरुजींना न गाता, नुसता बोलून सांगितला होता.

हे ऐकून माझ्यातला बटणवाला जागा झाला. मी म्हटलं, गुरुजी, तुमच्यासाठी पत्रिकेसारखंच करून देतो. कोणी गेलं की नाव टाकायचं, बटण दाबायचं, सगळ्या जागी नाव बसून कागद तयार. मी मोठ्या हौसेनं त्यांना करूनही दाखवलं, कुठलं तरी एक नाव घालून. गुरुजींनी पडद्याकडे पाहिलं आणि माझा हात हळूच बाजूला केला.

"नाव मशीननं नाई भरायचं, भाऊ. ज्याचं माणूस गेलं त्यानं घ्यायचं. तिथी गळा अडते. अडू द्या."

मग त्यांनी त्या जागेसाठी एक खूण मागितली. मोहफुलासारखी बारीकशी, देठ असलेली. मी ती कोणी वापरत नाही अशा एका कळेवर बसवून दिली. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला होता. एवढ्या गिऱ्हाइकांत फुकट मिळणारं बटण नको म्हणणारे ते एकटेच.

पुढं बटणांचे दिवस फिरले. फ्लॉपीतून कसले कसले व्हायरस आले आणि ते नेमके माझ्या बटणांसारखेच फाइलीत दडून आपोआप चालत. लोक बटण दिसलं की हात मागे घेऊ लागले. नवे कॉम्प्युटर आले, ते फाइल उघडताच पिवळी पट्टी दाखवून बजावत की यात बटणं आहेत, धोका आहे, बंद केली आहेत. मी रात्रंदिवस जागून केलेल्या कामावर आता धोका लिहिलेलं असायचं. मग मुंबई-पुण्याहून तयार प्रोग्रॅम आले, सगळ्या जिल्ह्यांना एकच. त्यात अहेरीची कचेरी आणि सिरोंच्याची कचेरी सारखीच. निरंकवाले बाबू एकदा रस्त्यात भेटले, म्हणाले, भाऊ, आता काही हळू करता येत नाही हो. ते निवृत्तीची वाट पाहत होते. मी जिथं जिथं बटण लावलं होतं तिथलं ते निघत गेलं, आणि कोणी त्याची आठवणही ठेवली नाही. शाळांचे निकाल, धानाच्या गिरणीचे तक्ते, मच्छीमार सोसायटीच्या तळ्यांच्या याद्या, सगळं आपोआप करणारा मी, आपोआपच बाजूला झालो. हे मी हसत लिहितो आहे, पण तेव्हा हसू येत नव्हतं.

त्याच सुमारास एका पावसाळ्यात टेलिफोनच्या तारेतून वीज उतरली आणि दुकानातली मशीनं गेली. गुरुजींचं त्यातच होतं. त्यांच्या गाण्यांची सीडी मी आधी करून दिली होती म्हणून मला काळजी वाटली नाही. गुरुजी तेव्हा आजारी होते, येणं थांबलं होतं. मी दुकानात ऑनलाइन अर्ज भरायचं काम सुरू केलं आणि दिवस काढू लागलो.

पुढं बऱ्याच दिवसांनी एक बाई आल्या. अहेरीकडच्या आरोग्य केंद्रात नर्स होत्या. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली सीडी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. म्हणाल्या, मी हलामी गुरुजींची मुलगी, शेवंता. बाबा गेले. मयताचा पाटा म्हणणारी म्हातारी तर त्यांच्याआधीच गेली. उन्हाळा संपायच्या आत बाबांचा दगड उभा करायचा आहे, आढ्याचे कागद वाळवीनं खाल्ले, आणि तो पाटा आता कोणालाच येत नाही. बाबा सांगून गेलेत की तो बटणवाल्या भाऊकडे आहे.

मी उत्साहानं सीडी लावली. फाइल उघडली आणि पडदाभर इंग्रजी अक्षरं, टिंबं, पौंडाच्या खुणा, चौकटी यांचा चिवडा दिसला. मला क्षणात कळलं. त्या काळचा मराठी फॉन्ट म्हणजे सोंग असायचं. आत इंग्रजी अक्षर, वर मराठी मुखवटा. आम्ही सगळे लोकांना फाइल द्यायचो, मुखवटा मशीनमध्येच राहायचा, आणि तो वेगळा द्यायचा असतो हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. बाजारातल्या फॉन्टचा मुखवटा कुठूनही पुन्हा मिळतो. गुरुजींचा मात्र विजेत जळून गेला होता, आणि त्यातली कोणती कळ कोणतं अक्षर द्यायची हे आता मलाही आठवत नव्हतं.

शेवंताबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. "बाबा म्हणे, याले वाळवी नाई लागत," एवढंच बोलल्या. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मी त्यांना जाऊ दिलं नाही. चहा मागवला आणि डोकं धरून बसलो. मग सुचलं. अक्षरं हरवली नव्हती, नुसती वेषांतर करून बसली होती. फाइलमध्ये मयताच्या पाटाआधी रोवणीचे, लग्नाचे पाटा होते, आणि ते शेवंताबाईंना लहानपणापासून पाठ होते. त्या म्हणतील, मी त्या चिवड्यात तेवढ्याच लांबीची, तशीच पुन्हा पुन्हा येणारी ओळ शोधीन. एक ओळ जुळली की तिच्यातली सगळी अक्षरं सापडली. ती बाकी फाइलभर बसवायची.

त्या सुट्टी काढून येत. अर्ज भरायला आलेल्या लोकांच्या गर्दीत काउंटरच्या कडेला बसून रोवणीचा पाटा एकेक शब्द तोडून सांगत. बाकावरच्या बायाबापड्या कान देऊन ऐकत. मध्ये एकदा कुरखेड्याकडची एक म्हातारी उठून म्हणाली की ही ओळ आमच्याकडे वेगळी म्हणतात, आणि दोघींची त्यावर चर्चा झाली. मी त्याच काळात पुन्हा एकदा बटण लिहीत होतो. किती वर्षांनी लिहीत होतो. गाण्यातून सापडलेलं प्रत्येक अक्षर त्यात भरायचो, दाबायचो, आणि चिवड्यातून आणखी थोडं काही वाचता यायचं. कधी उलटं व्हायचं, एखादं अक्षर चुकीचं जुळलं की ते सगळं नासवायचं, मग पुन्हा मागं. उन्हाळा चढत होता. शेवंताबाई काही म्हणत नसत, पण दर वेळी जाताना दगडाचा दिवस जवळ आल्याचं त्यांच्या तोंडावर दिसे.

शेवटी एका दुपारी मी बटण दाबलं आणि मयताचा पाटा पडद्यावर सरळ उभा राहिला. तळ्याची पाळ, मोहाचं झाड, शीव. मला गोंडी जुजबीच कळते, पण ते शब्द मी गुरुजींकडून ऐकले होते. एवढा आनंद मला पत्रिकेच्या बटणानंही झाला नव्हता. फक्त प्रत्येक कडव्यात एका ठिकाणी रिकामी चौकट राहिली होती. अक्षर ओळखलं नाही की कॉम्प्युटर अशी चौकट काढतो. रोवणीच्या, लग्नाच्या गाण्यांत हे अक्षर कुठंच नव्हतं, त्यामुळे ते उघडायला किल्लीही नव्हती.

मला लाज वाटली. गुरुजींचं काम आणि तेही भोकं पडलेलं. मी म्हटलं, "बाई, हे तेवढं एक अक्षर काही लागत नाई. मी असं करतो, एका फटक्यात सगळ्या चौकटी पुसून टाकतो. गाणं साफ दिसंल." आणि बोट कळेवर नेलं.

"थांबा, भाऊ."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर ओळीखालून बोट फिरवत त्या नुसते ओठ हलवून वाचू लागल्या. चौकटीशी आल्या आणि थांबल्या. पुढच्या कडव्यात गेल्या, पुन्हा तिथंच थांबल्या. लहानपणी गावात दगड उभे राहताना त्यांनी हा पाटा दुरून ऐकला होता.

"हे अक्षर नाई," त्या म्हणाल्या. "इथी बाबाचं नाव येते."

तेव्हा मला मोहफुलाची खूण आठवली. आणि माझा हात बाजूला सारणारा गुरुजींचा हातही.

त्या म्हणायला सरसावल्या तसं मी विचारलं, पण हा एरवी म्हणायचा नसतो ना? त्या म्हणाल्या, आता हाकेला नाव आहे, आता चालते. आणि त्यांनी पाटा म्हटला, हळू आवाजात, अर्जवाल्यांच्या रांगेकडे पाठ करून. चौकट आली की थांबायच्या, रैनू, अशी बाबांना हाक मारायच्या आणि पुढे जायच्या. तळ्याची पाळ गेली, मोहाचं झाड गेलं. शिवेच्या चौकटीशी त्यांचा गळा अडला.

मी कीबोर्डवरून हात काढून घेतला, आणि अडू दिला.